बिनसहीची संमती

"शुक्रवारपर्यंत सह्या आल्या नाहीत, तर सगळी रेकॉर्डिंग्ज पुसावी लागतील," स्क्रीनवरून क्लेअर म्हणाली. तिचाही चेहरा पडला होता. त्या दिवशी सोमवार होता. माझ्यापुढे बावीस कोरे फॉर्म होते आणि सही एकही नव्हती.

चूक माझीच. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. क्लेअर परदेशातल्या एका विद्यापीठात आवाजांची कलाकार आहे. आवाज गोळा करायचे आणि त्यांतून ऐकायची कलाकृती बांधायची, हे तिचं काम. त्या विद्यापीठाची एक योजना होती. दोन देशांतल्या संस्थांनी जोडीनं अर्ज करायचा, त्यात एक कलावंत हवा आणि एक वैज्ञानिक. एकट्यानं केलेला अर्ज उघडूनही बघत नाहीत.

आमची जोडी जमली पाण्यावरून. जांभा म्हणजे आपला तांबडा, भोकाभोकांचा दगड. पाऊस त्यात मुरतो आणि खाली कुठेतरी झरा होऊन फुटतो. पावस गावाच्या आतल्या अंगाला एका वाडीच्या नकाशावर तीन झरे होते. तिथल्या बायकांच्या गाण्यांत मात्र सात झऱ्यांची नावं! उरलेल्या चारांची गाणी फक्त वाडीतल्या जनीकाकींना येत होती, आणि काकींनी पंचाहत्तरी ओलांडलेली. ती रेकॉर्डिंग्ज पुसली असती तर पुन्हा मिळतीलच, असं कोण सांगणार?

विद्यापीठाच्या समितीचा नियम असा की ज्याचा आवाज घ्यायचा, त्याची कन्सेंट फॉर्मवर आधी सही घ्यायची. कन्सेंट म्हणजे संमती. पण आम्ही गेलो तेव्हा काकींनी आधी कोरा चहा दिला, मग फणसाची भाजी वाढली. मग गप्पा, मग बावीस बायकांची गाणी. आपल्याकडे खाल्ल्या घरात कोणी लगेच कागद पुढे करतं का? मला लाज वाटली. म्हटलं, सह्या काय, मागाहून घेऊ.

मंगळवारी फॉर्म घेऊन गेले. वाडीचे गावकर म्हणजे बाबूदादा. देवळातला पहिला मान त्यांचा. त्यांनी फॉर्म हातातही घेतला नाही.

"सही न्हाय हां बाई. बाकी काय ता मागा."

"अहो दादा, नुसती गाण्यांसाठी आहे."

"मागं एक सायेब आला हुता. हजेरीची म्हणून सही घेतलान. मंग तोच कागद जमिनीच्या संमतीला लावलान. तवापासून ह्या वाडीत सही बंद."

"मी काय तुमच्या जमिनी न्यायला आलेय?" माझा आवाज चढला.

"तोय आसाच बोलत हुता."

मी तणतणत गाडीकडे निघाले. मागून जनीकाकींची हाक आली. "वायच थांब गो बाय! तुला आमचा होकारच हवा ना? मंग कागद कशाला? बाबू, देवाफुडं गाऱ्हाणा घाल की."

गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. कामाला हात लावण्याआधी गावकर ते काम सगळ्यांदेखत देवाला मोठ्यानं सांगतो. प्रत्येक वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. ज्याला पटत नाही, त्यानं तिथंच सांगायचं. एकदा म्हटलेलं "व्हय" इकडे कोणी फिरवत नाही.

गुरुवारी सकाळी बावीसच्या बावीस बायका देवळात हजर. मी मोबाइल लावला. बाबूदादांनी नारळ ठेवला.

"हे म्हाराजा, ह्या बाई आमच्या बायांचा आवाज परदेशात नेतायत. तो पाण्याच्या कामाला लागूं दे, जमिनीच्या कागदाला लागूं देऊ नको!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या बाईला आपला आवाज परत हवा, तिला बाईंनी तो मुकाट द्यावा. का म्हणून इचारू नये!"

"व्हय म्हाराजा!"

बाबूदादा माझ्याकडे वळले. "बाई, तुमी गप का?"

मी हात जोडून म्हणाले, "व्हय म्हाराजा."

क्लेअरनं तो व्हिडिओ इंग्रजी अर्थासकट तिकडच्या समितीपुढे ठेवला. समितीचा एकच प्रश्न आला. संमती मागे घेता येते, हे बायकांना सांगितलं होतं का? क्लेअरनं तेवढा तुकडा पुन्हा लावला. शुक्रवारी संध्याकाळी मेल आला: संमती ग्राह्य. मी स्टाफरूममध्ये एकटीच ढसाढसा रडले. काकींचे आणि बाबूदादांचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडणार, तेच कळेना.

पुढे गाण्यांतल्या खुणांवरून चारही झरे सापडले. त्यांतल्या दोन झऱ्यांना अजून पाणी आहे. क्लेअरनं गाण्यांची कलाकृती बांधली. तिच्या मधोमध काकींचं एक गाणं होतं, अख्ख्या संग्रहातलं सर्वांत सुंदर. ते आधी वाडीला ऐकवायला म्हणून मी गेले. ऐकून झाल्यावर काकींनी मला बाजूला घेतलं.

"ह्यो गाणा काढ गो. सासूनं छळलान, तवा पाण्यावर बसून मीच रचलेला. तिचा नाव हाय त्यात. तिची पंतवंडा ऐकतील. मेलेल्या बाईची आता बदनामी कशाला?"

क्लेअरचं वर्षभराचं काम त्या गाण्यावर उभं होतं, माझ्या अहवालाचं एक अख्खं प्रकरणसुद्धा. ओठांवर आलेलं "का" मी गिळलं. क्लेअरला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काढते."

गाणं गेलं. कलाकृती थोडी लंगडी झाली, अहवालही. पण काकींच्या हातचा चहा मला अजून मिळतो. फॉर्मवर त्यांची सही असती, तर मी तो कागद त्यांच्यापुढे धरून वाद घातला असता. मी ओळखते मला.