वास नसलेला गॅस

"मॅडम, सोडा मना! भाऊ हाय माजा आत!"

रमेशची कॉलर मी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. दोन ऑपरेटरांनी त्याच्या कमरेला मिठी घातली होती. समोर रिअ‍ॅक्टरचं मॅनहोल उघडं होतं आणि आत तळाशी त्याचा थोरला भाऊ दत्ता निपचित पडला होता.

पनवेलजवळच्या त्या केमिकल प्लांटमध्ये मी शिफ्ट इन्चार्ज होते. दत्ता आणि रमेश जवळच्या आपटा गावचे, दोघेही फिटर. रिअ‍ॅक्टर म्हणजे स्टीलचा मोठा बंद हंडा. मॅनहोल म्हणजे त्याचं तोंड, माणूस जेमतेम शिरेल एवढं. आतल्या सॉल्व्हंटच्या वाफेनं पेट घेऊ नये म्हणून हंड्यात नायट्रोजन भरून ठेवतात. आत उतरण्याआधी तो काढून हवा खेळवायची आणि ऑक्सिजन मीटरने मोजायचा. मीटर येईपर्यंत कुणी आत जायचं नाही, असं मी दोघांना बजावलं होतं.

झाकण खोलताना दत्ताचा पाना निसटून आत पडला. त्याने वाकून वास घेतला. "वास नाय. आलोच," म्हणाला आणि उतरला.

आमच्याकडे सगळे नाकावर विसंबतात. अमोनिया डोळ्यांतून पाणी काढतो, सॉल्व्हंटने डोकं चढतं. वास नाही म्हणजे गॅस नाही, असं जुनी माणसं नव्यांना शिकवतात. नायट्रोजनला वास नसतो. त्यात गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस गुडघ्यातून खाली बसतो, आणि संपलं.

मी हवेचा होज, म्हणजे रबरी पाइप, आत सोडायला लावला आणि बीए सेट मागवला. पाठीवर हवेची बाटली, तोंडाला मास्क, असा तो सेट. तो फायर स्टेशनवर, म्हणजे प्लांटच्या पार दुसऱ्या टोकाला होता. प्लांट मॅनेजर धावत आले.

"अगं, बघत काय उभी आहेस? दोरी बांधून एकाला उतरव!"

"नाही सर. मास्कशिवाय जाईल तोही पडेल."

"आणि तोवर हा गेला तर?"

"तर एकच जाईल, सर."

हे रमेशने ऐकलं. त्याने मला जी शिवी दिली ती मी इथे लिहीत नाही. हिसडा मारून सुटला तेव्हा मी सरळ मॅनहोलवर आडवी पडले. त्याने माझी वेणी धरून ओढली. मला रडू येत होतं आणि दत्ताचा भयंकर संताप येत होता. एका पान्यासाठी!

सेट आला. फायरमन मास्क लावून उतरला, दत्ताला वर काढलं. पनवेलच्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि मान हलवली.

मी आपट्याला गेले. दत्ताची आई ओटीवर बसली होती. "तूच धरलंस ना माज्या रमेशला?" तिने विचारलं. मी हो म्हटलं. मागून रमेश म्हणाला, "सोडला असता मना, तर दादा वाचला असता." मी त्याला ऑक्सिजनचं गणित समजावू शकले असते. चपला घातल्या आणि निघाले. आईने 'बस' म्हटलं नाही, पण 'जा'ही म्हटलं नाही.

हल्ली कॉलेजवाले मला करिअर गायडन्सला बोलावतात. केमिकल इंजिनिअर व्हायला काय लागतं, असं पालक विचारतात. केमिस्ट्री लागते, गणित लागतं, हे मी सांगतेच. शिवाय चारचौघांत निर्दयी ठरायची तयारी लागते, हेही सांगते. पालकांना ते फारसं आवडत नाही.

रमेश अजून त्याच प्लांटवर आहे. मॅनहोल उघडलं की मीटर येईपर्यंत तो तोंडाशी उभा राहतो, कुणाला फिरकू देत नाही. मी दिसले की मान फिरवतो. फिरवू दे. दोघा भावांपैकी एकाची मान तरी अजून फिरते आहे.