आठ कम्प्युटरचा पाटकरी

मोहनसिंगकाकाला कम्प्युटर चालू करता येत न्हाई. तरी हिंगोलीतल्या आमच्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानातले आठ कम्प्युटर सात वर्षं त्यानंच चालवले. हे सांगितलं की लोक हसतात. हसू द्या.

काका मूळचा पाटकरी. कुरुंद्याकडच्या कालव्यावर रोजंदारीनं होता, कुणाच्या रानाला कधी पाणी सोडायचं ते बघायचा. कंबर धरली, ते काम झेपेना, तवा आमच्या मालकानं, संतरामभाऊंनी, त्याला दुकानात झाडलोटीला ठेवलं. आठवडाभरात त्याची नजर भिंतीवरच्या हबवर गेली. हब म्हणजे सगळ्या कम्प्युटरच्या वायरी येऊन मिळतात ती डबी. आमची जुनाट होती, आग लागो तिला. एकाचं बोलणं आलं की बाकीच्या सातांना सांगत सुटायची, ज्याचं त्यानं ओळखून घ्यावं. दोघं एकदम बोलले की दोघांचंबी वाया, पुन्हा पहिल्यापासून. आमी आठ जणींनी एकदम फॉर्म पाठवले की सगळे तिथंच अडकून बसायचे.

काकानं दोन दिवस बघितलं. म्हणाला, समद्यांनी एकदम पाट फोडला तर कुणाचंच रान भिजत न्हाई. तिसऱ्या दिवशी स्टूल घेऊन मधोमध बसला. तीन नंबर, सोड. पाच नंबर, थांब. आमी शिकलेल्या बाया बोट उचलून त्याच्या तोंडाकडं बघायचो. अन् सांगायला लाज वाटते, पण फॉर्म जायला लागले.

मी सहा नंबर. माझं नाव निलम, पण काकाला नंबरच पाठ. त्याचा नियम ठरलेला: ज्याची बस आहे त्याचं आधी, गावातल्या गिऱ्हाइकाचं मग, दुकानातल्या माणसाचं सगळ्यात शेवटी. दोन वर्षांमागं नर्सिंगच्या प्रवेशाचा माझा स्वतःचा फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरून राहिले होते. सेनगावच्या बसची चार माणसं आली. काका म्हणाला, सहा नंबर, थांब. त्याला वाटलं दुकानाचंच काही असंल. एरवी मी दुकान डोक्यावर घेते. त्या दिवशी रुसून गप बसले. पाच वाजता साइट बंद झाली. पुढच्या साली माझं वय निघून गेलं.

त्याला मी काही सांगितलं न्हाई. राग मात्र पुरवून पुरवून खाल्ला. हब काढा अन् तिच्या जागी नवी डबी, स्विच, आणा, म्हणून संतरामभाऊंच्या मागं लागले. एकदा भाऊ म्हणाले, स्विच आणला तर काकाला ठेवायचं काहून? झाडलोट तर कुणीबी करंल. मी ऐकलं. तरी पिरपिर सोडली न्हाई.

या उन्हाळ्यात स्विच आला. वायरीचं काम करणारा बालाजी तो बसवून राहिला होता, तर काका जवळ जाऊन उभा राहिला. हे काय निराळं करतं, म्हणाला. बालाजीनं बराबर समजावलं. कोण कुठल्या वायरीवर बसलंय ते हे लक्षात ठेवतं, ज्याचं त्यालाच नेऊन देतं, गावभर दवंडी देत न्हाई.

"अन् दोघं एकदम बोलले तर?"

"दोघांचंबी जातंय, काका."

मग आमी आठ जणींनी एकदम बटण दाबलं. आठही फॉर्म गेले. काका स्टुलावर बसून होता. कुणी त्याच्याकडं बघितलं न्हाई, मीबी न्हाई.

महिना संपला तसं भाऊंनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. भाऊ वाईट माणूस न्हाई, चहा पाजून सांगितलं. काकानं कप विसळून ठेवला, पिशवी घेतली अन् माझ्या टेबलापाशी आला.

"सहा नंबर, खरं सांग. इतकी वर्षं म्या थांब थांब केलं. त्यात कुणाचं काही राहिलं का?"

ह्याच प्रश्नाची मी दोन वर्षं वाट बघून राहिले होते. उत्तर तोंडपाठ होतं, शिव्यांसकट. पण त्याच्या तोंडाकडं बघितलं.

"न्हाई काका," मी म्हणलं. "कुणाचंच न्हाई."

"मग बरं," काका म्हणाला. त्याला तांड्याकडची पावणेसहाची बस धरायची होती.