टाकीतलं तांबं

प्रफुल्ल मेस्त्रीच्या घरात मासे हॉलमध्ये होते आणि देव गॅलरीत. उदबत्तीचा धूर पाण्यात उतरतो म्हणून देव्हारा बाहेर गेला, डासांची कॉइल बंद झाली, आणि मासे तळायचे झाले तर मायाने स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायचं, असा दंडक पडला. टाकी होती समुद्राच्या पाण्याची. तिच्यात बोटं हलवावीत तशी हलणारी कोरलं, नारिंगी माशांची एक जोडी, काच साफ ठेवणाऱ्या गोगलगायी आणि एक लालबुंद कोळंबी. लालबागच्या मालवणी घरात कोळंबी कढईबाहेर इतकी वर्षं जगल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. शेजारी टाकी बघायला यायचे आणि प्रफुल्ल त्यांना काचेपासून हातभर लांब उभं करायचा.

तो गोदीत फिटर. चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा त्याला चौदाव्या मजल्यावर घर मिळालं, आणि त्याच घरात त्याने हा समुद्र आणून ठेवला. संध्याकाळी कामावरून आला की आधी पाण्याची तपासणी, मग चहा. खारटपणा बघायचा, क्षार बघायचे, कॅल्शियम बघायचं. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब मोजून सोडायचे आणि रंग कार्डाशी लावून पाहायचा. तेवढा वेळ टीव्ही बंद आणि घरात कोणी बोलायचं नाही. आकडा बरोबर आला की तो मायाकडे असा बघायचा जणू पास तोच झालाय.

अशा घरात गंगुबाई राहायला आली. गंगुबाई म्हणजे मायाची आई. तिची नायगावची बी.डी.डी. चाळीतली खोली पाडायला घेतली आणि नव्या इमारतीत घर मिळेपर्यंत लेकीकडे राहण्यावाचून तिला गत्यंतर नव्हतं. मुलगा नाही, नवरा कधीच गेलेला. जावयाच्या दारी राहायचं या विचारानेच ती अर्धी झाली होती. येताना तिने भांडी वाटून टाकली आणि एकच वस्तू आणली, लग्नात तिच्या आईने दिलेली तांब्याची कळशी. तिच्यातलंच पाणी ती प्यायची. प्रफुल्लने कळशीला ओट्याच्या कोपऱ्यात जागा दिली आणि ती दिल्याचं आठवडाभर बोलून दाखवलं.

फुकटचं खायची सवय नसलेलं ते माणूस. काही काम द्या म्हणून मायाच्या मागे लागलं. तेव्हा प्रफुल्लने तिला टाकीचं एक काम सोपवलं. टाकीतलं पाणी रोज थोडं उडून जातं. उडतं ते नुसतं पाणी, त्यात विरघळलेलं सगळं मागेच राहतं. म्हणून काचेवरच्या रेघेपर्यंत दुपारी गोडं पाणी घालायचं, आणि ते फक्त भिंतीवरच्या फिल्टरमधून काढलेलं.

त्याच महिन्यात फिल्टरची प्लास्टिकची तोटी गळायला लागली होती. प्रफुल्लने ती उपटून फेकली आणि गोदीतून आणलेला जहाजाचा पितळी कॉक तिथे बसवला. चांगला जड, सोन्यासारखा चकचकीत.

"ह्याला म्हणतात फिटिंग," तो म्हणाला. "जहाज बुडेल, हा गळणार नाय."

गंगुबाईने कॉकवरून बोट फिरवलं. "जावयबापू, ह्या पितळेक कल्हई नाय. पाणी कळकात हां."

तो पोट धरून हसला. "आई, हे ताक नाय. पाणी कुठं कळकतं?" पुढे चार दिवस त्याने गोदीत ही गोष्ट मीठमसाला लावून सांगितली.

गंगुबाई काम चोख करायची. पाणी घालून झालं की टाकीसमोर बसून कोळंबीशी बोलायची. तिला ती 'बायो' म्हणायची. घरात दिवसभर बोलायला दुसरं होतं कोण?

आधी गोगलगायी मेल्या. काचेवरून सुटून खाली पडल्या आणि परत चढल्या नाहीत. मग एके सकाळी बायो दगडाआड उताणी सापडली. मग कोरलं मिटली ती उघडेनात, आणि कडेने पांढरी पडत गेली. मासे तेवढे फिरत राहिले. प्रफुल्लने तपासणीवर तपासणी केली. खारटपणा बरोबर, क्षार बरोबर, कॅल्शियम बरोबर. सगळे आकडे जागेवर आणि टाकीत मढी पडताहेत, हे त्याच्या डोक्यात बसेना. तो पिसाळला. मायाने पावडर लावली म्हणून तिच्यावर ओरडला, तिने फरशी पुसायला फिनेल घेतलं म्हणून बादली लाथेने उडवली.

शेवटी तो टाकीचे मासे विकणाऱ्या राजेशच्या दुकानात गेला. राजेशने सगळं ऐकून घेतलं आणि एक बाटली पुढे केली. "तांबं तपास, असलं तर पाणी निळं होतं. माशांना ते कमी बाधतं, पण गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना थेंबभर तांबं म्हणजे जहर. घरात पाण्याला कुठं तांबं-पितळ लागतं का बघ."

त्यातलं 'तांबं' प्रफुल्लने ऐकलं. पितळ त्याच्या कानापर्यंत गेलंच नाही. तांबं म्हटल्याबरोबर त्याच्या डोळ्यांसमोर ओट्याच्या कोपऱ्यातली कळशी उभी राहिली आणि त्याला फार बरं वाटलं. गुन्हेगार सापडला की माणसाला जेवण गोड लागतं.

त्या संध्याकाळी त्याने दोघींना टेबलाशी बसवलं. एका नळीत टाकीचं पाणी, दुसरीत कळशीचं. थेंब सोडले. टाकीचं पाणी गडद निळं झालं. कळशीचं किंचित निळसर.

"आई, कळशीतलं पाणी टाकीत घातलंत?"

गंगुबाईने खोटं बोलायला हवं होतं. पण तिला ते जमत नव्हतं. "एकदाच ओतलंय. त्या दिवशी फिल्टरात पाणीच येय नाय होता. दोन तांबे. तांब्याचा पाणी औषधी असता, म्हणान..."

"एकदाच! विष काय हप्त्याने घालतात?" त्याने नळी तिच्या हातात कोंबली. "धरा. बघा रंग. मोठ्याने सांगा कुठला रंग."

तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. तिने नळी उजेडाकडे धरली, डोळ्यांजवळ आणली. "माका दिसत नाय, बापू."

"निळा! निळा म्हणतात त्याला. म्हणा."

"निळो," ती म्हणाली.

त्याने बशीत जमवलेल्या मेलेल्या गोगलगायी तिच्यापुढे ठेवल्या. त्या तिने स्वतः खाली नेऊन टाकायच्या, असं फर्मान निघालं. ती सत्तरीची बाई बशी पदराखाली धरून लिफ्टची वाट बघत उभी राहिली. मायाने आईची बाजू घेतली नाही. नवरा मोजून बोलत होता, आणि मोजलेल्यापुढे आपण काय बोलणार, असं तिला वाटलं. तिलाही आतून आईचा रागच आला होता. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसं झालं.

रविवारच्या आत प्रफुल्लने सासूचं गावचं तिकीट काढलं. कणकवलीजवळ तिच्या दिराचं घर होतं, त्याच्या पडवीत खाट मावत होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन परळला ठरलं होतं, ते राहिलं. निघताना गंगुबाईने टाकीला हात जोडले. कळशी तिने पिशवीत घातली, पण घरातल्यांना दिसू नये म्हणून वर लुगडं टाकलं.

प्रफुल्लने टाकी रिकामी केली. नवी वाळू, नवे दगड, नवं मीठ कालवलेलं पाणी. नव्या गोगलगायी आणल्या, नवी कोळंबी आणली. दुपारचं पाणी आता तो स्वतः घालायचा, सकाळी निघायच्या आधी. रोज, पितळी कॉक फिरवून.

गोगलगायी पुन्हा पडायला लागल्या.

तपासलं, तर निळं. "आता?" माया म्हणाली. त्या एका शब्दाने तो तिच्या अंगावर धावून गेला. काचेच्या सांध्यात भिनलंय म्हणाला, तुझ्या आईने करून ठेवलंय, निघता निघत नाय. पण माया आंघोळीला गेल्यावर त्याने पहिल्यांदाच फिल्टरचं पाणी थेट नळीत घेतलं. इतके दिवस ते तपासायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. फिल्टर त्याचा, जोडणी त्याची, कॉक त्याचा. घरातली परकी एकच होती, संशय तिच्यावर घेऊन झाला होता.

थेंब सोडले. पाणी निळं झालं, टाकीपेक्षाही गडद.

त्याने पाना आणून कॉक सोडवला. बाहेरून तसाच सोन्यासारखा. आतून हिरवा कळकलेला. रात्रभर त्यात साचलेलं पाणी रोज टाकीत पडत होतं. पाणी उडून जायचं आणि पितळेतलं तांबं मागे राहायचं. मग त्याला त्या संध्याकाळच्या दोन नळ्या आठवल्या. कळशीचं पाणी फिकं होतं आणि टाकीचं गडद. फिक्यातले दोन तांबे ओतून टाकीतलं दीडशे लिटर पाणी गडद होत नाही, हे शाळेतल्या पोराला कळलं असतं. त्याने तेव्हा रंग पाहिला होता. पण आकड्यांची पूजा करणाऱ्या या माणसाने तेवढा एक आकडा वाचला नव्हता.

न्हाणीघरातला नळ बंद झाला. प्रफुल्लने कॉक डब्याच्या पिशवीत टाकला आणि प्लास्टिकची तोटी बसवली. दुसऱ्या दिवशी कॉक गोदीतल्या भंगारात गेला.

"तोटी बदललीत?" मायाने विचारलं.

"जुना गळत होता," तो म्हणाला.

पुन्हा पाणी बदललं, दगड बदलले. पावसाळा सरेपर्यंत कोरलं फुलली, कोळंबी कात टाकून मोठी झाली. शेजारी पुन्हा येऊ लागले. एका संध्याकाळी तो नळी हातात धरून तपासणी करत असताना गावाहून फोन आला. मायाने स्पीकर लावला.

"मासे बरे आसत मां?" पलीकडून गंगुबाईने विचारलं. स्वतःच्या डोळ्यांबद्दल ती काही बोलली नाही. "आणि जावयबापूंका सांग, ती कळशी मी मोडीत घातलंय. विषारी भांडा घरात नको. खयच्या पोराटोराच्या पोटात गेला तर?"

माया नवऱ्याकडे बघत राहिली. आईला परत आणूया का, हे विचारायचं तिच्या ओठांवर होतं आणि त्याला ते दिसत होतं. नळीतल्या पाण्याला रंग चढला नव्हता. तो फोनकडे वाकला.

"आई, टाकी एकदम मस्त आहे. तुम्ही गेलात आणि सुधारली."



"बरा झाला," गंगुबाई म्हणाली. "म्हंजे मी गावाक इलंय ताच बरा झाला. माझोच हात वाईट."

मायाने फोन ठेवला आणि ती भाकऱ्या थापायला आत गेली. प्रफुल्लने नळी धुऊन उपडी घातली आणि टीव्ही लावायला हरकत नाही, असं तिला सांगितलं.