धाकू मेस्त्रीची पाचर

पालीच्या धाकू मेस्त्रीला राग आला की तो आधी हातातलं हत्यार खाली ठेवायचा आणि मग मोकळ्या हाताने मारायचा. हत्यार महाग असतं, माणसाचा गाल भरून येतो, असा त्याचा हिशेब. ओलं लाकूड दिलं म्हणून त्याने एकदा वखारीच्या माणसाला विहिरीच्या कठड्यावर उलटा वाकवला होता. चौघांनी ओढून सोडवला.

पण या हाताचा खरा प्रसाद धाकट्या भावाला, सदूला. बाप लवकर गेला. सुतारकी धाकूनेच त्याला शिकवली, आणि आपण शिकलो तशीच शिकवली. रंधा तिरका गेला की कानशिलात. खाच सैल झाली की पाठीत बुक्की. पटाशी उलटी धरली म्हणून त्याने एकदा पोराचं डोकं फळीवर आपटलं होतं. भुवईतला तो व्रण अजून दिसतो. बायकोवर, काशीवर, मात्र त्याचा हात कधी उठला नाही. आणि जेवताना सुरमईचा मधला तुकडा तो स्वतः उचलून सदूच्या ताटात टाकायचा.

सदू काही वर्षं मस्कतला राहून परतला तो बॅटरीवरची गोल करवत घेऊन. आणि एक वाक्य घेऊन.

"दादा, तुज्याबरोबर काम करीन. पण यापुढं हात उचललास, तर त्याच दिवशी मी वेगळा."

"वेगळा होऊन करशील काय? शेखांच्या उंटांना दारं?" धाकू मोठ्याने हसला. हसला खरा, पण त्या दिवसापासून त्याला आपल्या उजव्या हाताची भीती वाटू लागली. राग आला की तो हात काखेत दाबून धरायचा. भाऊ गेला तर आपण नुसते भांडकुदळ म्हातारे उरू, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

साखरतरला अहमदभाईंच्या पडवीचं काम निघालं. एक वासा मधोमध कुजला होता. तेवढा तुकडा कापून काढायचा होता. धाकूचं आयुष्य लाद्या कापायच्या कटरला लाकडाचं पातं लावून काम करण्यात गेलेलं. नव्या करवतीला वायर नाही, ही गोष्ट त्याला फार आवडली. आवडलं नाही ते तिचं खालचं झाकण. पातं लाकडात शिरलं की ते मागे सरकायचं, बाहेर आलं की खटकन मिटायचं. आणि तिरका काप घेताना नेमकं वाशाच्या कडेला अडायचं. धाकूने सागाची बारीक पाचर तासली आणि झाकण उघडंच अडकवून टाकलं.

धाकू परांचीवर होता, सदू खाली उभा राहून वाशाला टेकू देत होता. कापताना वासा खाली दबला तर पात्याला आवळून धरतो, म्हणून.

"दादा, ती पाचर काढ."

"लाद्यांच्या कटरला कुठं होतं झाकण? मेलो काय मी?"

"ते यंत्र वेगळं. हे उसळतं."

"उसळू दे. मी बसलोय ना त्याच्या उरावर."

सदू परांचीवर चढला. त्याने करवतीची बॅटरी ओढून काढली, पाचरही उपसली. धाकूने करवत फळीवर ठेवली. सदूला त्याचा अर्थ कळला होता, तरी तो मागे सरला नाही. पहिली चपराक कानावर बसली, दुसरा ठोसा ओठावर. सदू कौलांखालच्या रिपांवर आदळला, चार कौलं अंगणात फुटली. धाकूने त्याची मान धरून पुन्हा मारलं, आणि मारता मारता आपण काय केलं ते त्याला उमगलं. हात हवेतच राहिला.

सदूने रक्त पुसलं, बॅटरी भावाच्या हातात दिली आणि उतरून मोटारसायकलीकडे चालू लागला.

"टेकू धर!" धाकू ओरडला. "सद्या, टेकू धर म्हणतो ना!"

सदूने पेटी गाडीला बांधायला घेतली. धाकूने बॅटरी बसवली, पाचर पुन्हा ठोकली आणि खटका दाबला.

निम्मा काप झाला आणि वासा दबला. पातं आवळलं. करवत किंचाळली आणि उलटी उसळून थेट त्याच्या मांडीवर आली. मिटणारं झाकण उघडंच होतं. धाकू अंगणात फुटक्या कौलांवर पडला. रक्ताची धार पडवीच्या खांबापर्यंत गेली.

सदू धावत आला तर धाकू उठू पाहत होता. "सोड, काम राहिलंय," म्हणत भेटेल त्याला मारत होता. अहमदभाईंच्या छातीत त्याने लाथ घातली. प्रत्येक हिसड्याला रक्त उसळत होतं. सदूने आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या भावावर मूठ उगारली आणि जबड्यावर हाणली. दात तुटून कौलांत पडला. धाकू आडवा झाला. रक्त थांबावं म्हणून सदूने त्याच्या जांघेत गुडघा रोवला आणि सगळा भार टाकला.

"ओ, टेम्पो काडा!" आसियाभाभी नवऱ्यावर, अहमदभाईंवर, ओरडल्या आणि ओढणी फाडून देऊ लागल्या.

मासळीच्या टेम्पोत, बर्फाच्या पेट्यांमध्ये, धाकूने भावाच्या दंडाचा चावा घेतला, त्याच्या फुटलेल्या ओठावर बुक्क्या मारल्या. गुडघा हलला नाही. धाकू उठू लागला की सदूचा सपाट पंजा तोंडावर बसे. "गप पड, दादा!" तिसऱ्या चपराकीला धाकूने तो पंजा ओळखला. कोपर जवळ, मनगट सैल. हे आपणच शिकवलंय. मग तो निपचित पडला.

गुडघा जरा सरकला असता तर माणूस वाटेतच गेला असता, असं रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं.

धाकू शुद्धीवर आला तेव्हा सदू खाटेजवळ उभा होता. दंडाला पट्टी, ओठ सुजलेला.

"दादा, मी वेगळा झालो."

"मी हात उचलला. म्हणजे झालासच."

"सावर्ड्याला जागा बघतोय."

धाकूने मान हलवली. सदू दाराकडे वळला, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "मेस्त्री, यंत्रानं दात पण पाडलान काय हो?"

"यंत्राची काय टाप!" धाकूने बोटाने ओठ वर करून खिंडार दाखवलं. "हा भावसानं पाडलान. एका ठोशात."

"आणि तू?" उशाशी बसलेली काशी डोळे पुसत म्हणाली. "तू काय केलंस?"

"मी?" धाकू दाराकडे बघत म्हणाला. "मी आडवा पडलो."