खिडकीजवळचं टेबल

मैत्रिणींनो, आज दुपारी मी इतकी जळफळले की सांगायची सोय नाही.

गंगेकाठच्या त्या बड्या हॉटेलचे फोटो मी दर लग्नाच्या वाढदिवसाला ह्यांना दाखवते. उत्तर ठरलेलं: "क्या ज़रूरत है? घरीच श्रीखंड कर."

आज पुण्याहून आलेल्या वन्संचा, म्हणजे ह्यांच्या बहिणीचा, पन्नासावा वाढदिवस. तर ह्यांनी तिथलंच, अगदी खिडकीजवळचं टेबल बुक केलं! कांदा-लसूण नको, हेही आधीच कळवलेलं.

खालच्या नावा बघत वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुझी मजा आहे. तुम्ही नेहमी येत असाल इथे. मला कोण नेतंय?"

ह्यांनी मेन्यूकार्डात डोकं खुपसलं.

आणि मी चक्क हसून म्हणाले, "हो ना, दर लग्नाच्या वाढदिवसाला!"

खरं सांगा, लाज कुणाची राखली मी, ह्यांची की माझी?