शेंदराचा सांधा

इंजिनाला माणसासारखा स्वभाव असतो असे कुणी म्हणाले की मला चीड येते. लोखंडाला कसला आलाय स्वभाव? स्वभाव असतो तो इंजिनाभोवती गोळा होणाऱ्या माणसांना, आणि माझ्या आयुष्यातली निम्मी डोकेदुखी त्यांनीच दिली आहे.

त्या वर्षी मी कल्याणला रेल्वेच्या इंजिनशेडात फिटर होतो. घर मात्र कोपरीला, खाडीच्या काठी. आमची सगळी शेती खारीतली, म्हणजे मातीचा बांध घालून खाडीकडून हिसकावून घेतलेली. भादव्यातल्या उधाणात बांध फुटला आणि पोटरीला आलेल्या भातात खारे पाणी शिरले. गावाने मिळून बांध पुन्हा घातला, ओहोटीच्या वेळी उघाडीची, म्हणजे बांधातल्या मोरीची, दारे वर केली, आणि बाकीच्यांच्या शेतांतले पाणी निघून गेले. माझ्या थोरल्या काकाच्या शेतातले गेले नाही. त्याचा तुकडा सगळ्यांत खोलगट, बशीसारखा. भात खारे पाणी थोडे दिवस सोसते, मग मुळापासून जळते. काकाकडे दुसरी जमीन नव्हती.

खाडीवरच्या नव्या पुलाच्या पायातले पाणी उपसायला एका ठेकेदाराने वाफेचे इंजिन आणि पंप आणला होता. काम संपल्यावर ते जुनाट धूड त्याने खाडीकाठीच टाकून दिले होते. खाली बॉयलर, पाठीवर सिलिंडर, आणि बैल जोडून ओढायला चार चाके. गावाने ठेकेदाराच्या मुकादमाला विचारून ते बांधावर ओढत आणले आणि लाकडे घालून पेटवले. पण पंप काही हलेना. सिलिंडरच्या झाकणाच्या कडेने सगळी वाफ फुसफुसत बाहेर. तेव्हा कुठे गावाला माझी आठवण झाली. निरोप काय, तर इंजिनाला दमा झालाय, लवकर ये.

मी रजा काढून, नट फिरवायचे पाने आणि खरवडणी घेऊन पहिल्या गाडीने आलो. बघतो तर दुखणे साधे होते. सिलिंडर आणि झाकण यांच्यामधला सांधा जळून गेला होता. झाकण काढायचे, जुना सांधा खरवडायचा, शिडाच्या जाड कापडाचे नवे कडे कापायचे, त्याला दोन्ही बाजूंनी अळशीच्या तेलात कालवलेला शेंदूर थापायचा आणि झाकण पुन्हा आवळायचे. तो शेंदूर सुकला की दगड होतो, वाफेच्या बापाला ऐकत नाही. शेडात हे काम मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकले असते.

पण शेड कुठे आणि बांध कुठे. झाकणाच्या नटांवर गंज असा चढला होता की पाना फिरायचा आणि नट जागचा हलायचा नाही. रॉकेल सोडले, ठोकले, तापवले. जो तो येऊन सल्ला देऊन जात होता. एक म्हणाला नारळ फोडा, दुसरा म्हणाला उलटा फिरव. उलटाच फिरवत होतो! एका नटाने तर दुपार खाल्ली. पाठीमागे काकाच्या शेतात पाणी शांतपणे चमकत पडले होते, आणि मला त्या पाण्याचाही राग येत होता.

काका तिथेच उकिडवा बसून होता. त्याची ती मुकी बैठक मला सोसवेना, म्हणून मी त्याला कामाला लावले. म्हटले, "काका, ठाण्याच्या बाजारात जा. शेंदूर आन, नि आलशीचा तेल. उकललेला मिलाला तर उकललेलाच."

काका खूश झाला. शेंदराचे काम म्हणजे त्याचे काम. बांधावरच्या मारुतीला वर्षानुवर्षे तोच शेंदूर चढवत आलेला. तो बाजारातून आल्यावर मी कालवायला हात पुढे केला, तर त्याने पुडी छातीशी धरली.

"शेंदूर कालवायचा मना शिकवतस? तू तुजा लोखंड बघ."

मी तेव्हा शेवटच्या नटाशी झुंजत होतो. म्हटले, कालव. थोड्या वेळाने मान वळवून विचारले, "तेल घातलास ना?"

"घातला, घातला."

शेंदूर सुरेख कालवला होता, गुठळी म्हणून नाही. मी तो कापडाच्या कड्याला थापला, झाकण बसवले, समोरासमोरचे नट थोडे थोडे करत आवळले आणि रात्रभर सुकू दिले. सकाळी हळूहळू वाफ धरली. पंपाने दोन गचके दिले, तोंडातून पाण्याची पहिली गुळणी पडली, पोरांनी आरोळी ठोकली, आणि त्याच क्षणी झाकणाच्या कडेने लाल चिखलाची पिचकारी माझ्या सदऱ्यावर आली. पाठोपाठ वाफ.

इंजिन निवल्यावर मी झाकण काढले. शेंदूर सुकलाच नव्हता. बोट लावले तर कालच्याइतकाच ओला, तुळतुळीत. मी बोट नाकाशी नेले.

"काका, यो तेल कसला?"

"तिलाचा. घान्यावरचा, ताजा."

"मी आलशीचा सांगितला होता."

"आरं, शेंदराला आलशीचा तेल कंदी कुनी लावलाय का? देवाला चालत नाय तो. यो बी देवच हाय, आपला शेत वाचवाला आयलाय. त्याला हलका कशाला लावू?"

तिळाचे तेल कधी सुकत नाही. म्हणून तर मारुती दिवसच्या दिवस तजेलदार दिसतो. अळशीचे सुकते आणि घट्ट होते, शेडात सगळा खेळ त्याच्यावरच. हे मी सांगितले, जरा मोठ्यानेच सांगितले. काकाने बाजारातले सगळ्यांत चांगले तेल आणले होते, आणि मी ओरडत होतो.

मग कल्याणची फेरी. शेडातून उकळलेल्या अळशीच्या तेलाचा डबा मागून आणला, तर आता तिळाचे तेल लोखंडात मुरलेले. ते निघेपर्यंत नवा शेंदूर धरणार नाही. राख चोळली, चुना चोळला, पुसले, पुन्हा चोळले. नवे कडे कापले आणि या वेळी शेंदूर मीच कालवला. काका लांब बसला. आणि यानंतर सगळ्यांत भिकार काम, वाट बघायची. सांधा ओला असताना वाफ सोडली तर पुन्हा तेच. गावातले येऊन विचारत, अजून का चालू करत नाहीस? मी पाना हातात घेऊन नुसता येरझाऱ्या घालत होतो. पाणी तिथेच होते. भाताची टोके तांबूस दिसू लागली होती, आणि त्यांच्याकडे बघायचे मी टाळत होतो.

अखेर सांधा नखाने ठोकून बघितला. कडक. जाळ केला, सिलिंडर सावकाश तापू दिला, वाफ सोडली. पंप गुरगुरला आणि बांधापलीकडे पाण्याचा लोट पडला तो थांबलाच नाही. झाकणाची कड ठणठणीत कोरडी. इतका नेटका सांधा मी शेडातही क्वचित बसवला होता.

ऊन कलेपर्यंत शेत उघडे पडले. भात उभे होते, पण त्यात हिरवे काही उरले नव्हते. मी एक रोप उपटले. मूळ काळे पडून बोटांना चिकटत होते. काका चिखल तुडवत शेताच्या मध्यापर्यंत गेला, तिथे जरा वेळ उभा राहिला आणि परत आला.

माझ्या तोंडाशी सगळे तयार होते. सांगितलेले तेल आणले असतेस तर. माझे एकदा तरी ऐकले असतेस तर. इतके दिवस दात आवळून साठवलेले शब्द, आता अडवायला कुणी नव्हते.

काका सरळ इंजिनापाशी आला. झाकणाच्या कडेला त्याने तळहात धरला, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. वाफेचा कणही नाही. त्याचा चेहरा खरोखर खुलला.

"जराबी गलत नाय," तो म्हणाला. "झकास बसवलास रं." मग शेताकडे न बघता म्हणाला, "आता बंद कर. लाकडा कशाला जालतस उगाच."