तिसरा महिना सरेपर्यंत

डोळा लागतो न लागतो तोच शर्वरीच्या पायाशी कुणीतरी येऊन टेकतं. दुपारची वेळ आहे. बाहेर टीव्हीसमोर सासूबाई मेथी निवडताहेत, आणि सुनेला दिवस गेलेत याचा त्यांना पत्ताही नाही; ठाऊक आहे ते फक्त नवऱ्याला, निरंजनला. दुसरा महिना संपत आलाय. सकाळी तांबडा डाग दिसला, तेव्हापासून शर्वरी भिंतीकडे तोंड करून पडली आहे. सुरुवातीला ओकाऱ्या होतात, झोप येते, एवढंच तिने गृहीत धरलं होतं. आज ओकारीही नाही, आणि तिला त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

"सांगितलंस कुणाला?" पायाशी बसलेली आई विचारते.

आईला जाऊन तीन वर्षं झाली. तरी शर्वरीला तिचं काही नवल वाटत नाही.

"नाही. तूच म्हणायचीस ना, तिसरा महिना सरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. डागाचं तर निरंजनलाही बोलले नाही."

"मोठी शहाणी!" आई म्हणते. हे कौतुक नव्हे, हे शर्वरीला आवाजावरूनच कळतं.

खोलीत पंगत बसली आहे. लग्नातली लांबलचक पंगत, आणि सगळ्या बायका घास हातात धरून तिच्या पोटाकडे बघताहेत. "काय गं, काही विशेष?" एक विचारते. मग दुसरी, मग तिसरी. शर्वरीला पदर पुढे ओढायचा आहे, पण हात उचलला जात नाही.

आई वरणाचं भांडं घेऊन तिच्यापाशी वाकते. "मलाही अशाच विचारायच्या. तुझ्याआधी एक राहिलं होतं. मी हौसेने गावभर सांगितलं, आणि गेल्यावर एकेकीला पुन्हा सांगत बसले. तुझ्यावर ती वेळ नको, म्हणून गप्प राहा म्हणायचे. दृष्टबिष्ट काही नाही गं."

"हे कधी बोलली नाहीस."

"नाही बोलले. पण डॉक्टरपासून लपव, असं म्हणाले होते का मी?"

शर्वरीला रडू फुटतं. "गेलं असेल तर?"

"डाग दिसला म्हणजे गेलंच असं नसतं. आणि गेलं असलं, तरी ते एकटीने सोसायचं नसतं. ऊठ."

ती दवाखान्याच्या बाकावर बसली आहे. आई मागून तिचे मोकळे केस ओढते. "अशी झिपऱ्या पिंजारून जाणार होय?" ती करकचून वेणी घालू लागते, शाळेत पाठवताना घालायची तशी. शर्वरीला वळून एकदा तिचं तोंड बघायचं आहे.

"हलू नकोस," आई म्हणते.

शर्वरी जागी होते. बाहेर टीव्ही चालूच आहे. उशीवर तिच्या खांद्याशी वेणी पडली आहे, घट्ट घातलेली, टोकाला काही न बांधलेली. खालचे पेड सुटू लागलेत. ती टोक मुठीत आवळून धरते आणि तशीच बाहेर येते. सासूबाईंना हाक मारायची ती एरवी टाळतेच.

"आई," ती म्हणते, "मला दिवस गेलेत. सकाळपासून रक्त दिसतंय. माझ्याबरोबर दवाखान्यात चला."